सराक्कुवाच्या वाळूतला दाणा : 'एक्स-प्रेस पर्ल' प्रकरणाचा अभ्यास

प्लास्टिकच्या धंद्यातली माणसं त्याला नुसतं 'दाणा' म्हणतात. भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखा, पांढरा किंवा दुधी, दोन ते पाच मिलिमीटरचा. बादली असो, पाण्याचा पाइप असो की दुधाची पिशवी, सगळ्यांची सुरुवात या दाण्यापासून होते. तो कारखान्यातून गोण्यांत भरून निघतो, कंटेनरमधून देशोदेशी जातो आणि मशीनमध्ये वितळून त्याची वस्तू होते. मायक्रोप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिक. बहुतेक मायक्रोप्लास्टिक मोठ्या वस्तू झिजून तयार होतं. दाणा मात्र कारखान्यातून बाहेर पडतानाच मायक्रोप्लास्टिक असतो.

मे 2021 च्या शेवटच्या आठवड्यात, 'एक्स-प्रेस पर्ल' या मालवाहू जहाजाला आग लागल्यावर, श्रीलंकेत कोलंबोच्या उत्तरेला, निगोंबोच्या वाटेवरच्या सराक्कुवा किनाऱ्यावर हा दाणा इतका आला की वाळू दिसेनाशी झाली. किनाऱ्यावर काही जागी त्याचे थर दोन मीटरपर्यंत साचल्याच्या नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नंतर आकडा दिला तो सुमारे 1,680 टनांचा. एका किलोत साधारण चाळीस ते पन्नास हजार दाणे बसतात. हिशेब केला तर साधारण सात ते आठ हजार कोटी दाणे होतात. एकाच अपघातात समुद्रात सांडलेल्या दाण्याची ही जगातली सर्वांत मोठी नोंद आहे.

समुद्री जिवांवर मायक्रोप्लास्टिकचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास करायला हे प्रकरण मी निवडलं ते केवळ त्याच्या आकारामुळे नाही. इथे जागा ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे, माल ठाऊक आहे. एरवी समुद्रातलं प्लास्टिक कुठून आलं आणि कधी आलं हे कुणालाच सांगता येत नाही. इथे सगळं माहीत असूनही 'कासव कशाने मेलं' या साध्या प्रश्नाचं उत्तर देताना किती अडचण आली, ते पाहण्यासारखं आहे.

जहाज आणि आग

'एक्स-प्रेस पर्ल' हे सिंगापूरच्या झेंड्याखालचं, चीनमध्ये बांधलेलं, 186 मीटर लांबीचं मालवाहू जहाज. फेब्रुवारी 2021 मध्ये ते मालकाच्या ताब्यात आलं, म्हणजे अपघाताच्या वेळी पुरतं चार महिन्यांचंही नव्हतं. त्यावर 1,486 कंटेनर होते. त्यातल्या 81 कंटेनरमध्ये 'धोकादायक' या वर्गातला माल होता. नायट्रिक ॲसिड एकट्याचंच 25 टन. शिवाय कॉस्टिक सोडा, मिथेनॉल, रेझिन वगैरे. प्लास्टिकचा दाणा या 81 मध्ये मोजलेला नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो धोकादायक माल नव्हता. पुढच्या साऱ्या गोष्टीत हे ध्यानात ठेवावं लागतं.

11 मेच्या सुमारास ॲसिडच्या एका कंटेनरला गळती लागल्याचं लक्षात आलं. कतारमधल्या हमाद बंदराने आणि नंतर गुजरातमधल्या हजीरा बंदराने तो उतरवून घ्यायला नकार दिला. असा गळका कंटेनर हाताळायची सोय नाही, असं कारण होतं. मेच्या मध्यास जहाज हजीऱ्याहून कोलंबोकडे निघालं. ही वाट मुंबई, रत्नागिरी, गोवा असा आपला सगळा किनारा डाव्या हाताला ठेवून खाली उतरते. त्याच आठवड्यात तौक्ते चक्रीवादळ कोकणाला घासत वर सरकत होतं आणि आपलं सगळ्यांचं लक्ष वादळाकडे होतं. नकाशावर त्या तारखा लावून पाहिल्या तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की हे प्रकरण परक्या देशाचं म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

19 मेच्या रात्री जहाज कोलंबोबाहेर नांगरलं. 20 मेला धूर दिसला. 25 मेला मोठा स्फोट झाला आणि जहाजावरच्या 25 जणांना उतरवण्यात आलं. आग विझवायला श्रीलंकेच्या नौदलाबरोबर भारतीय तटरक्षक दलाची जहाजंही होती. पावसाळी वारे सुरू झालेले, समुद्र खवळलेला. जवळजवळ दोन आठवडे ते धुमसत राहिलं. 2 जूनला ओढून खोल पाण्यात न्यायचा प्रयत्न झाला, पण मागची बाजू 21 मीटरवर तळाला टेकली. 17 जूनला ते पूर्ण बुडालं.

किनाऱ्यावर काय आलं

वर्तमानपत्रांत पांढऱ्या दाण्यांचे फोटो आले. पण किनाऱ्यावर दोन तऱ्हेचं प्लास्टिक आलं होतं आणि दुसरं जास्त त्रासाचं ठरलं.

पहिला साधा दाणा, न जळलेला. दुसरा आगीतून गेलेला. पॉलिथिलीन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं. आगीत ते वितळलं, करपलं, एकमेकांना चिकटलं, राख आणि इतर मालाबरोबर त्याचे काळे-तपकिरी गोळे झाले. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी वॉस आणि अमेरिकेतल्या वुड्स होल सागर संशोधन संस्थेचे रसायनतज्ज्ञ यांनी अपघातानंतर लगेच किनाऱ्यावरचे नमुने तपासले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अखंड रांग लागेल असे तुकडे त्यांना मिळाले. जळलेल्या प्लास्टिकमधली रासायनिक गुंतागुंत न जळलेल्या दाण्याच्या तिप्पट होती. ज्वलनातून तयार होणारी विषारी संयुगं त्यात होती. शिवाय जळका तुकडा ठिसूळ. बोटांत चुरडला तरी त्याचा भुगा व्हावा असा.

याचा अर्थ सफाई करणाऱ्यांना पांढरा दाणा दिसत होता आणि उचलता येत होता. काळा तुकडा खडकाच्या, कोळशाच्या, वाळलेल्या शेवाळाच्या तुकड्यासारखा दिसायचा, चाळणीत घातला की फुटायचा आणि चाळणीतून खाली जायचा. मायक्रोप्लास्टिकचा अभ्यास करणाऱ्यांना एरवी उन्हा-लाटांनी प्लास्टिक झिजायची वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. ते काम इथे आगीने काही दिवसांत केलं.

सफाई झाली ती टाळेबंदीत. करोनाची लाट चालू असल्यामुळे स्वयंसेवकांना घराबाहेर पडायला बंदी होती. सुरुवातीला नौदल आणि लष्कराचे जवान पांढरे संरक्षक कपडे घालून वाळू उपसत होते, नंतर किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं, त्यांत बऱ्याच बायका, रोजंदारीवर महिनोन्महिने वाळू चाळत बसल्या. वाळू पाण्यात टाकायची, दाणा वर तरंगतो, तो चाळणीने काढायचा. पॉलिथिलीन पाण्याहून हलकं, म्हणून हे जमतं. यंत्रं लावून वाळूचा वरचा थरच उचलून नेणं सोपं होतं, पण त्या थरात खेकडे, किडे, शिंपल्यांची पिल्लं अशी सगळी वस्ती असते. ती गेली की किनारा साफ दिसतो आणि ओसाड होतो. हाताने चाळणं हीच त्यातली कमी नुकसानीची वाट होती, आणि ती फार हळू जाते.

मेलेल्यांची मोजणी

पहिल्या काही दिवसांतच मेलेली कासवं किनाऱ्याला लागू लागली. 1 जुलै 2021 रोजी सरकारच्या वतीने न्यायालयात आकडे सांगितले गेले: 176 कासवं, 20 डॉल्फिन, 4 देवमासे. पुढे ही संख्या वाढत गेली. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये निकाल दिला, त्यात 417 कासवं, 48 डॉल्फिन आणि 8 देवमासे मेल्याची नोंद आहे. मासे किती, याची गणतीच नाही. तोंडात आणि कल्ल्यांत दाणे अडकलेल्या मेलेल्या माशांचे फोटो जगभर गेले.

हे आकडे वाचताना मन विषण्ण होतं. जगात समुद्री कासवांच्या सात जाती, त्यातल्या पाच श्रीलंकेच्या किनाऱ्यावर अंडी घालतात. मादी अंडी घालण्याच्या वयाला यायला दहा-पंधरा वर्षं, काही जातींत त्याहूनही जास्त जातात. मोठं कासव मेलं की पुढच्या कित्येक विणी जातात.

तरीही अभ्यासक म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही सगळी कासवं दाण्याने मेली असं म्हणता येत नाही. काहींच्या अंगावर भाजल्यासारख्या खुणा असल्याची वर्णनं त्या वेळी आली. स्फोट, आग, ॲसिड, तेल, तुटून पडलेले कंटेनर असं सगळं एकाच पाण्यात, एकाच आठवड्यात आलं. त्यातून त्या दिवसांत खवळलेल्या समुद्रात एरवीही काही जनावरं मरून किनाऱ्याला लागतात. ती दर वर्षी किती लागायची याची पक्की, सलग नोंद आधी असती तर वजाबाकी करता आली असती. न्यायालयात जहाज कंपनीचा बचाव करणारी बाजू नेमकी इथेच बोट ठेवते: हे आमच्यामुळेच झालं कशावरून?

मला वाटतं, आपण मेलेल्या कासवांकडे पाहत राहिलो आणि मायक्रोप्लास्टिकचा खरा परिणाम नजरेतून निसटला. दाणा फारसं कुणाला आठवड्याभरात मारत नाही. तो करतो ते नुकसान शवविच्छेदनाच्या टेबलावर येतच नाही, कारण त्यात शव नसतं.

पोट भरलेलं आणि उपाशी

दाणा दिसतो माशाच्या अंड्यासारखा. काही दिवस पाण्यात राहिला की त्यावर शेवाळाचा आणि जिवाणूंचा थर चढतो. मग त्याला वासही अन्नासारखा येऊ लागतो. वरच्या पाण्यात चरणारा मासा, पृष्ठभागावर चोच मारणारा पक्षी, कोवळं कासव, सगळे त्याला खातात. कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, निसरडी जेलीफिश सुटू नये म्हणून. गिळलेलं परत बाहेर येणं अवघड. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासाने शेकडो मेलेल्या कासवांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की आतड्यात प्लास्टिकचे 14 तुकडे असतील तर त्या कासवाच्या मरणाची शक्यता पन्नास टक्क्यांपर्यंत वाढते. ते तुकडे सगळेच दाण्याएवढे नव्हते, हे खरं. पण लहान पिल्लाचं आतडं केवढं असतं, तेही लक्षात घ्यावं.

मरण न आलं तरी जागा अडते. पोटात प्लास्टिक असेल तितकं अन्न कमी मावतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला जातो, जनावर खायचं थांबतं आणि अंगाला काही लागत नाही.

आता दाण्याहून खूप लहान कणांकडे येऊ, कारण वर्षं जातील तसा दाणा तिकडेच सरकतो. ऊन त्याला पिवळा आणि ठिसूळ करतं, लाटा फोडतात. जळलेला दाणा तर आधीच फुटलेला.

समुद्राच्या अन्नसाखळीच्या पायथ्याशी कोपेपॉड नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. जवळ्याच्याही खालचं हे जग. तारली, बांगडा आणि असंख्य माशांची पिल्लं यांच्यावर जगतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2015 मध्ये कोपेपॉडांना 20 मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या, प्लास्टिक गोळ्या असलेल्या पाण्यात ठेवलं. त्यांचं खाणं घटलं, पुढे त्यांनी लहान अंडी घातली आणि त्यांतून पिल्लं कमी निघाली. एकही कोपेपॉड वाजतगाजत मेला नाही. नुसती पुढची पिढी बारीक झाली.

कालवांवरचा प्रयोग याहून ठसठशीत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कालवांना ऐन प्रजननाच्या काळात दोन महिने 2 आणि 6 मायक्रोमीटरच्या प्लास्टिक कणांबरोबर ठेवलं होतं. माद्यांची अंडी 38 टक्क्यांनी कमी झाली. नरांच्या शुक्राणूंचा वेग 23 टक्क्यांनी घटला. हाती आलेल्या अळ्या 41 टक्क्यांनी कमी. खाल्लेल्या अन्नातली शक्ती प्रजननाऐवजी दुसरीकडे वळते, असा त्याचा अर्थ लावला गेला. कालवं, तिसऱ्या, शिनाणे ही सगळी मंडळी पाणी गाळून जगतात. त्यांना निवडायला फारसा वाव नसतो. जे पाण्यात असेल ते आत जातं. शिनाण्यांच्या कुळातल्या शिंपल्यांवर 2008 मध्ये झालेल्या प्रयोगात तर असं दिसलं की बारीक कण तीन दिवसांत आतड्यातून शरीरद्रवात उतरले आणि 48 दिवसांनंतरही तिथे सापडले.

या प्रयोगांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. प्रयोगशाळेतल्या टाकीत घातलेले कण बऱ्याचदा खुल्या समुद्रापेक्षा जास्त असतात. ते गोल, स्वच्छ, एकाच मापाचे असतात. समुद्रातला तुकडा वेडावाकडा, खरबरीत आणि अनेक रसायनं पोटात घेतलेला असतो. म्हणून हे टक्के उचलून श्रीलंकेच्या समुद्राला लावायचे नाहीत. पण सराक्कुवासारख्या जागी खुल्या समुद्राची सरासरीही लावून चालणार नाही. तिथे प्लास्टिकची गर्दी त्या सरासरीपेक्षा फार जास्त होती.

दाणा स्वच्छ असतो तोवर

एक समज ऐकू येतो: दाणा म्हणजे अन्नाच्या पिशव्यांतही वापरलं जाणारं प्लास्टिक, त्यात विष कुठलं? नवा दाणा बराचसा तसा असेलही. पण समुद्रात गेल्यावर तो टिपकागदासारखा वागतो. तेलात विरघळणारी विषं, जुनी कीटकनाशकं, विजेच्या उपकरणांतली पीसीबीसारखी संयुगं, यांना पाण्यात राहायला आवडत नाही. ती प्लास्टिकला चिकटतात. जपानमध्ये 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की किनाऱ्यावरच्या दाण्यांत या संयुगांचं प्रमाण आजूबाजूच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा दहा लाख पटींपर्यंत जास्त असू शकतं. टोकियोच्या हिदेशिगे ताकादा यांनी पुढे जगभरातल्या लोकांना आपापल्या किनाऱ्यावरचे दाणे पाठवायला सांगून प्रदूषणाचा नकाशाच तयार केला.

म्हणून मे 2021 मध्ये सांडलेला दाणा त्या दिवशी जितका घातक होता, त्यापेक्षा काही वर्षांनी तो जास्त घातक असू शकतो. तेल सांडलं तर काळाबरोबर त्याचं विष ओसरत जातं. दाण्याचं उलट. तेलगळतीच्या सवयीने विचार करणाऱ्या यंत्रणा इथे चुकतात. किनारा साफ दिसू लागला की त्यांच्या मते प्रकरण मिटतं.

वाळूचाही एक मुद्दा आहे. अंड्यातलं कासव नर होणार की मादी हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं. हवाईतल्या एका किनाऱ्यावरच्या अभ्यासात 2011 मध्ये असं आढळलं की प्लास्टिकचे बारीक तुकडे मिसळलेली वाळू नेहमीच्या वाळूपेक्षा हळू तापते आणि तिच्यातून पाणी जास्त झिरपतं. सराक्कुवाच्या आसपास खोल गाडल्या गेलेल्या दाण्यांचा घरट्यांवर काय परिणाम होईल, हे कळायला कासवांच्या कित्येक पिढ्या पाहाव्या लागतील.

पैशांचा हिशेब

कोलंबोच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात मासेमारी बंद झाली. निगोंबोच्या खाडीवर आणि मासळीबाजारावर जगणारी हजारो कुटुंबं घरी बसली. बंदी नसलेल्या भागातलेही मासे लोक घेईनात. आपल्याकडे तेलगळतीनंतर काय झालं ते ज्यांना आठवतं त्यांना हे सांगायला नको. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, आणि मुंबई-रायगडच्या कोळ्यांच्या मासळीला गिऱ्हाईक मिळेना. मासा खराब निघो न निघो, भीती बाजार बसवते.

श्रीलंकेच्या तज्ज्ञ समितीने नुकसान 6.4 अब्ज डॉलरच्या घरात काढलं. जहाज कंपनीने लंडनच्या न्यायालयात आपली जबाबदारी मर्यादित करून घेतली, सुमारे 1.9 कोटी पौंडांवर. 1976 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ही मर्यादा जहाजाच्या टनभारावरून ठरते. जहाज लहान तर भरपाई लहान. त्यातून काय सांडलं, कुठे सांडलं, त्या पाण्यात कोण राहतं, याचा त्या सूत्राशी संबंध नाही. हे सूत्र मला अन्यायाचं वाटतं आणि ते तसं म्हणायला कायद्याचं मोठं ज्ञान लागत नाही.

24 जुलै 2025 रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला एक अब्ज डॉलर देण्याचा आदेश दिला. पहिला हप्ता 25 कोटी डॉलरचा, सप्टेंबरमध्ये. कंपनीने तो आदेश मानायला नकार दिला. आपण सफाई, बुडालेलं जहाज काढणं आणि मच्छीमारांची भरपाई यांवर 17 कोटी डॉलर आधीच खर्च केल्याचं तिचं म्हणणं आहे.

नियमांत झालेला बदल थोडक्यात सांगता येतो. मार्च 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या समितीने दाण्याच्या वाहतुकीसाठी शिफारशी मंजूर केल्या: गोण्या मजबूत असाव्यात, कंटेनरमध्ये दाणा आहे हे स्पष्ट लिहावं, आणि तो डेकखाली किंवा आडोशाला ठेवावा. सक्ती नाही.

मग केरळ

शिफारशींना वर्ष उलटलं आणि 24 मे 2025 रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' हे मालवाहू जहाज कलंडलं, दुसऱ्या दिवशी बुडालं. 640 कंटेनर होते. खलाशी सगळे वाचले. काही दिवसांत तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर तोच पांढरा दाणा लागला, पुढे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, आणि जूनमध्ये श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यावरही. चार वर्षांपूर्वीची सफाई अजून संपायची होती, तोवर हा नवा माल आला. केरळ सरकारने 9,531 कोटी रुपयांचा दावा लावला आहे. तिथेही आधी-नंतरचा हिशेब मागितला जाणार.

आपल्या किनाऱ्यावर हा दाणा नाही असं कुणी समजू नये. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2015 मध्ये केरीपासून गालजीबागपर्यंतच्या सहा किनाऱ्यांवर जानेवारीत आणि जूनमध्ये दाणे गोळा केले. जूनमध्ये ते जास्त मिळाले. पावसाळी प्रवाहांबरोबर ते समुद्राकडून येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिथे कुठलंही मोठं जहाज बुडालेलं नव्हतं. गोव्यातल्याच साळ नदीच्या मुखाशी पाण्यात, गाळात आणि खाण्याच्या शिंपल्यांत मायक्रोप्लास्टिक सापडल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं. मुंबईत वेसाव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेने जुहू, वर्सोवा, दादर आणि अक्सा इथल्या वाळूत एका चौरस मीटरमागे सरासरी 69 च्या आसपास प्लास्टिकचे तुकडे मोजले होते, ते 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. या नोंदी मोलाच्या आहेत. पण त्या एकेका वर्षाच्या आहेत आणि रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या शेकडो पुळणींना अशी सलग नोंद लागते. श्रीलंकेत वजाबाकीसाठी पहिली रक्कमच नव्हती, तशीच आपलीही नसेल.

वेळास आणि आंजर्ल्याच्या कासवमित्रांनी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी आणि पिल्लं वर्षानुवर्षं मोजून ठेवली आहेत. ही शिस्त आपल्याकडे आहे. तिच्यात दाण्याचा एक रकाना घालायला फार काही लागत नाही. भरतीच्या खुणेवर एक मीटर बाय एक मीटरची चौकट आखायची, वरची पाच सेंटिमीटर वाळू बादलीभर पाण्यात ढवळायची, तरंगलेलं बारीक चाळणीने काढायचं, पांढरे, पिवळे आणि करपलेले वेगळे मोजायचे, तारीख आणि जागा लिहायची, दाणे काचेच्या बरणीत ठेवायचे. त्याच पुळणीवर, त्याच खुणेवर, दर वर्षी: एकदा मेअखेर, पाऊस लागण्याआधी, आणि एकदा नारळी पौर्णिमेला, होड्या पुन्हा पाण्यात जाताना.